आड आलेला बाप

माझा स्वभाव संशयी आहे, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. खानावळ चालवणाऱ्या बाईने संशयी असावंच लागतं. कालची सुरमई आजची म्हणून गळ्यात मारणारे काय कमी आहेत? म्हणून पुण्याकडची ती पोरं थाळी संपवूनही उठेनात, आपापसांत कुजबुजत बसली, तेव्हा मी आधी चमचे जागेवर आहेत ना ते बघून घेतलं.

त्यांना चमचे नको होते. एकाने दबकत विचारलं, "मावशी, त्याचं घर इथेच कुठेतरी आहे ना?"

तो म्हणजे माझा भाचा. कबड्डी खेळतो, टीव्हीवरच्या स्पर्धेत, मोठ्या शहराच्या संघातून, पगारी. त्याचं घर माझ्या खानावळीला लागूनच, आणि त्याचा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ, तेव्हा अंगणात टेम्पो धूत होता. मी कौतुकाने बोट दाखवलं. वाटलं, आता पोरं धावत जाऊन पाया पडतील. पण त्यांनी दादाकडे बघितलं ते आंबलेल्या कालवणाकडे बघावं तसं. एकजण पुटपुटला, "हाच का तो?"

हाच का तो? माझं टाळकंच सटकलं. "काय रे, माझ्या भावाने तुझं काय घोडं मारलंय?" असं म्हणत मी त्याच्या समोरच खुर्ची ओढून बसले. मग त्याने फोनवर मला माझ्याच भाच्याची जीवनकहाणी दाखवली. मागे रडकं संगीत, पुढे समुद्रात बुडणारा सूर्य, आणि मध्ये भाचा खाली मान घालून सांगतोय, "वडिलांचा कडक विरोध होता. एकदा त्यांनी माझे बूट चुलीत घातले. मी रडत रडत अनवाणी सराव केला."

त्या पोराचे डोळे भरून आले होते. "हे ऐकूनच आम्ही त्याचे चाहते झालो, मावशी. चढाया काय, सगळेच करतात."

बूट म्हणे! त्याला तेव्हा बूट होतेच कुठे? गावातली सगळीच पोरं मातीत अनवाणी खेळायची. आणि विरोध करणारा हा बाप सकाळी जेटीवर बर्फ पोचवायचा, मासळी उतरवून घ्यायचा आणि त्याच टेम्पोच्या मागे अख्खा संघ भरून कसालला नाहीतर थेट वैभववाडीला सामन्यांना न्यायचा. पोरांच्या अंगाला मासळीचा असा वास यायचा की समोरचे पकड करायला धजत नाहीत, असं दादा हसून सांगायचा.

तरी संशय तो संशय. वहिनी गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. चार भिंतींत काय घडलं, ते शेजारच्या बहिणीला तरी कुठे सगळं कळतं? त्या संध्याकाळी मी सरळ दादालाच गाठलं.

"दादा, खरा सांग. बूट जाळलंस?"

"जाळूक बूट होते खंय?" तो हसला.

"म्हणजे तुका ह्या ठावक होता?"

"होता."

"आणि गप रवलंस?"

"पोराचा नाव झाला ना? झाला तर मगे."

झालं तर मग! मला ते हसणंही पटलं नाही. मी त्याच्यावर नजर ठेवली. पूर्वी भाच्याचा सामना असला की दादा जेटीवरच्या टीव्हीसमोर सगळ्यांच्या पुढे बसून ओरडायचा. आता घरात एकटा, टीव्हीचा आवाज बंद करून बघायचा. कुणी चाहते आलेले दिसले की मागच्या दाराने माडाच्या बागेत निघून जायचा. माझ्या जिवाची नुसती तगमग व्हायची.

पुढे भाचा गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घरी आला. नवा मोसम तोंडावर, आणि गुडघा दुमडेना. मी त्याला बांगड्याचं तिखलं, म्हणजे आमचं झणझणीत कालवण, वाढलं आणि पहिला घास तोंडात जायच्या आत पकडलं.

तो ताटाकडे बघत म्हणाला, "आत्ये, त्या व्हिडिओवाल्यांनी विचारल्यानी, घरातून कोणाचो विरोध होतो? मी म्हटलंय, कोणाचोच नाय. तर म्हणाले, मगे गोष्ट कशी होतली?"

"म्हणान बापाशीक चुलीत घातलंस!"

"लोकांका ता आवडला गो. आता मागे फिरलंय तर लोक माका खोटो म्हणतले. त्यात ह्यो गुडघो. चाहते गेले तर माका संघात कोण ठेवतलो?"

तो घाबरला होता. मला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी ताटात आणखी एक बांगडा वाढला.

गुडघा बरा व्हावा म्हणून देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे एकाने देवाला खड्या आवाजात सगळं सांगायचं आणि जमलेल्यांनी ओळीओळीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एका ओळीला जरी होकार मिळाला नाही तर गाऱ्हाणं तुटलं असं धरतात. तुटलेलं गाऱ्हाणं मागणाऱ्यावरच उलटतं म्हणतात. नेहमी गाऱ्हाणं घालणारे म्हातारे आजारी होते, म्हणून त्यांचा मुंबईहून आलेला पुतण्या उभा राहिला. मला तेव्हाच शंका आली. ह्याला गावची माहिती फोनवरून.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझा लेकरू आज तुझ्या पायाकडे इला हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ घुमलं.

"ह्येचो बापूस ह्येच्या खेळाक आड इलो, ह्येचे बूट जाळल्यान, तरी तू ह्येका तारलंस, म्हाराजा!"

कुणी बोललं नाही. सगळा गाव त्या टेम्पोला ओळखत होता. देवासमोर खोट्याला हो कोण म्हणणार? बायकांनी एकमेकींकडे बघितलं. भाच्याची मान खाली, हात जोडलेले. गाऱ्हाणं घालणारा बावरला. मी तोंड उघडणार, की मेल्या, खोटं बोलतोस, तेवढ्यात पाठीमागून, खांबाजवळून एकट्याचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

दादा होता. डोळे मिटून, हात जोडून, मोठ्याने. मग पुढची ओळ आली, "ह्येचो गुडघो बरो कर, म्हाराजा!" आणि सगळ्या गावाने होकार दिला. भाचा मात्र वळून खांबाकडे बघत होता.

घरी जाताना मी दादाला रस्त्यातच अडवलं. भाचा मागून लंगडत येत होता, त्याला ऐकू जाईल याची मला पर्वा नव्हती.

"देवासमोर खोटा बोललंस, दादा? सगळ्या गावात स्वतःचा नाव घालवलंस?"

"नाव माझा आसा, बाय," दादा म्हणाला. "गुडघो तेचो आसा."

मागे पावलं थांबली. दादा वळला, भाच्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि म्हणाला, "चल, सावकाश. पाय वाकडो पडात."