लेनोराची बिनसफरचंदाची पाई

एमिलच्या पहिल्या बायकोचा, लेनोराचा, फोटो बैठकीच्या खोलीत टांगलेला होता. त्याचं वर्ना टेस्केला काही वाटत नसे. दर शनिवारी ती त्यावरची धूळ पुसायची. तिला खुपायची ती लेनोराची पाई.

पश्चिम कॅन्ससमध्ये धुळीची वादळं चालू होती त्या वर्षांत सफरचंद दिसणं मुश्किल होतं. तेव्हा लेनोरा डब्यातली खारट बिस्किटं साखरेच्या पाकात भिजवून, मैद्याच्या दोन पाऱ्यांमध्ये घालून भाजायची. चर्चच्या जेवणात खाणारे बोटं चाटायचे आणि सफरचंदं कुठून आणलीस म्हणून विचारायचे. लेनोरा जाऊन सहा वर्षं झाली होती. एमिलशी लग्न करून वर्ना या घरात आली त्यालाही चार झाली. आता १९४९ साल होतं, दुकानात सफरचंदांच्या पेट्या लागलेल्या असत, आणि वर्नाच्या खऱ्या सफरचंदांच्या पाईला जिल्ह्याच्या जत्रेत दोनदा पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली होती. तरी चर्चमध्ये तिची पाई खाऊन कुणी ना कुणी म्हणायचंच, "छान झालीय गं. पण लेनोराची ती बिस्किटांची आठवतेय का?"

मार्चमध्ये हुल्डा ब्रांट दारात उभी राहिली. चर्चच्या महिला मंडळाची ही चिटणीस. मंडळ पाककृतींचं पुस्तक छापणार होतं, प्रत्येक कृतीखाली देणारीचं नाव.

"तुझा चॉकलेट केक दे," हुल्डा म्हणाली. "आणि लेनोराचं पाईचं कार्ड तुझ्याच स्वयंपाकघरात असणार. ते पहिल्या पानावर घ्यायचं ठरलंय."

"पहिल्या पानावर?"

"अगं, तिच्याशिवाय पुस्तक कसलं!"

वर्नाने केकची कृती तिथल्या तिथे लिहून दिली. त्यात ती चमचाभर गार कॉफी घालायची, ती तेवढी लिहिली नाही. त्या भागातल्या बायका कृती मागितली की नाही म्हणत नसत, पण आपलं एखादं काहीतरी कागदावर उतरू देत नसत.

लेनोराचं कार्ड पत्र्याच्या डबीत सापडलं. वर्नाने ते तीनदा वाचलं. बिस्किटं, साखर, पाणी, दालचिनी, लोणी. बस. दुसऱ्या दिवशी तिने कार्डाबरहुकूम पाई केली. आतून गोडमिट्ट लापशी निघाली. एमिलने एक घास खाल्ला आणि काटा खाली ठेवला.

"हे काय आहे?"

"लेनोराची पाई."

"छे!"

वर्नाला मनातून बरं वाटलं. मग मात्र ती चिडली, कारण आंबटाशिवाय सफरचंद कसं होणार हे कुठल्याही शहाण्या बाईला कळलं असतं, आणि लेनोरा शहाणी होती. कार्डावर आंबट काहीच नव्हतं. म्हणजे तिनेही राखून ठेवलं होतं.

पुढचे आठ दिवस वर्ना त्या पाईच्या मागे लागली. व्हिनेगरचा भपकारा यायचा. नुसत्या लिंबाने पाक पातळ व्हायचा. शेवटी तिने क्रीम ऑफ टार्टरची पांढरी आंबट पूड दोन चमचे पाकात उकळली आणि लिंबाची साल किसून घातली. पाक पूर्ण गार होऊ दिला आणि मग तो अख्ख्या बिस्किटांवर ओतला, म्हणजे त्यांचा लगदा होत नाही, फोडींसारखी राहतात. सुरीने पाई कापताना बरोबर सफरचंदासारखी कापली गेली.

एमिलने तीन तुकडे खाल्ले. निळी फीत मिळालेल्या पाईचे त्याने कधी दोनाच्या वर खाल्ले नव्हते.

"हीच," तो म्हणाला. बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. "लेनोरा अगदी अशीच करायची."

"केली मी."

"हो, हो. तूच केलीस." आणि पुन्हा खिडकीकडे बघायला लागला.

वर्नाने ताटली उचलली आणि उरलेली पाई कोंबड्यांना घातली.

दुसऱ्या दिवशी ती हुल्डाकडे गेली. क्रीम ऑफ टार्टर, लिंबाची साल, गार पाक, सगळं तिच्या जिभेवर होतं. पण तिने लेनोराचं कार्ड पर्समधून काढलं आणि जसंच्या तसं टेबलावर ठेवलं. "तिच्याच अक्षरात आहे. काहीही बदलू नका." पुस्तक निघेल, साठ घरांतून साठ लापश्या होतील, मग बघू कोण कुणाची पाई आठवतंय.

पुस्तक जूनमध्ये निघालं. लापश्या झाल्या. सप्टेंबरच्या सुगीच्या जेवणाला चर्चच्या तळघरात बायका त्याबद्दलच बोलत होत्या. वर्ना कॉफी ओतत ऐकत होती.

"मी दोनदा केली," हुल्डा म्हणाली. "दोन्ही वेळा कुत्र्यानेसुद्धा तोंड लावलं नाही."

"माझी चमच्याने वाढावी लागली!"

"कार्ड समोर आहे, सगळं मोजून घातलंय, तरी नाही. शेवटी हात असतो एकेकीचा. लेनोराचा हात कुणाला यायचा नाही."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या एमिलने मान वर केली. चार वर्षांत चर्चमध्ये त्याने बायकोचं कौतुक कधी केलं नव्हतं. "यायचा नाही कसा?" तो मोठ्याने म्हणाला. "आमच्या वर्नाला जमते की! मार्चमध्ये केली होती, हुबेहूब."

सगळ्या बायका वर्नाकडे वळल्या. हुल्डाच्या हातातला चमचा तसाच राहिला. "मार्चमध्ये? म्हणजे कार्ड मला देण्याच्या आधी?"

वर्नाने किटली टेबलावर ठेवली. त्यांना कृती सांगायची, तर सहा महिने तोंड मिटून का बसलीस तेही सांगावं लागलं असतं.

"छे गं," ती म्हणाली. "ह्यांना काय कळतंय? लापशीच झाली होती माझीसुद्धा. लेनोराची सर कुठली यायला!"

"तेच म्हणते मी," हुल्डा म्हणाली आणि तिने कप पुढे केला.

एमिल बायकोकडे बघत राहिला. मग त्याने खांदे उडवले. "असेल," तो म्हणाला. "बरेच दिवस झाले. मलाच नीट आठवत नसेल."