पाचव्या भागात जिवंत

त्या गुप्तहेराच्या सिनेमांचा मला मनस्वी राग येतो आणि तो मी कधी लपवलेला नाही. पहिला भाग बरा होता, कबूल. त्यात तो निदान माणसासारखा घाबरायचा. दुसऱ्यापासून सगळं ठरलेलं. आधी लग्नात गोळीबार, मग परदेशातली एक बाई, मग घरचाच साहेब फितूर, शेवटी बॉम्ब. तारा त्याच दोन, तांबडी आणि निळी. चौथ्या भागात तर पठ्ठ्या विमानातून पॅराशूटशिवाय पडला नि थेट उंटावर बसला. अरे, त्या उंटाला तरी विचारा!

मुरुडला आमच्या घरी यातला एखादा टीव्हीवर लागला, की वहिनी जेवणं लवकर आटपून भिंतीला टेकून बसायची. ही माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ दोन वर्षांपूर्वी मासेमारीच्या बोटीवरून पडला, तो सापडलाच नाही. अशा माणसाचा आमच्याकडे दर्भाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, मग दिवस घालतात. वहिनी पुतळा करू देत नव्हती. मंगळसूत्र गळ्यातच. मुलगा मध्येच अडकून राहिलाय, त्याला सोडव, म्हणून आई तिच्यापाशी रडून रडून थकली होती.

पाचवा भाग लागला तेव्हा रविवारची दुपार होती. आदल्या भागात हेराच्या दोस्ताला तीन गोळ्या घालून जहाजावरून फेकलं होतं. या भागात स्वारी हजर! दाढी कोरलेली, कोटाला इस्त्री. म्हणे एका बेटावर होता. वहिनी पुढे सरकून बसली. ते मला दिसलं आणि तरी कळलं नाही, एवढा मी शहाणा.

माझी जीभ सुटली. माझा अर्धा जन्म बोटीवर गेला आणि हे मला समुद्र शिकवणार? यांनी कधी ओहोटीची ओढ बघितली आहे का, म्हणून मी त्या सिनेमावाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेवढ्यावर थांबायला काय झालं होतं? पण नाही. वर म्हणालो, "पाण्यात गेलेला माणूस तिसऱ्या दिवशी वर येतो. आणि येतो तो ओळखू येत न्हाय."

लसूण सोलता सोलता आई थांबली. टीव्हीवर ते दोघे दोस्त एकमेकांना मिठ्या मारत होते. धरणीने पोटात घ्यावं, असं मला झालं.

वहिनीने टीव्ही बंद केला. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "भावोजी, तुमच्या बोटीवरचे सगळे हेच म्हणतात?"

मी होकाराची मान हलवली. खोटं बोलायला हवं होतं, पण ते मला सुचलंच नाही.

तिने रिमोट खाली ठेवला. मग म्हणाली, "भटजींना बोलवा. पुतळ्याला धोतर नका गुंडाळू, लुंगी नेसवा. ते धोतर कधी नेसले न्हाईत."