चेस्टरने बोलावलेलं चर्च

ओटिस पेट्वे आणि बर्नाडीन स्कुपिन यांची पहिली भेट झाली तेव्हा ओटिस हवेत होता. बर्नाडीनने त्याला 'रेड हेन' बारच्या दारातून असा भिरकावला होता, की तो एट माइल नावाचा रस्ता ओलांडेपर्यंत म्हणे खालून दोन ट्रक आणि एक बस गेली, आणि पलीकडच्या बंद बेकरीच्या पायरीवर तो उतरला तेव्हा त्याची दाढी वाढलेली होती. गुन्हा एवढाच, की तो नाचणाऱ्या पोरीला म्हणाला होता, "मुली, अंगावर काहीतरी घाल, सर्दी होईल."

बर्नाडीन आधी डेट्रॉइटच्या कत्तलखान्यात डुकरं उचलायची. मग चेस्टर मालेकच्या या बारच्या दारात उभी राहून माणसं उचलू लागली. "डुकरं बरी," ती म्हणायची, "निदान ओकत नाहीत." दार सोडून तिला दुसरं काही येत नव्हतं.

शहराचा नियम असा, की कपडे उतरवून नाचायचा नवा बार चर्चपासून हजार फुटांच्या आत नको. जुन्या बारांना माफी. पण इमारत निम्म्याहून जास्त पडली, तर जुनाही नवाच धरायचा. शेजारच्या गल्लीत डॉनी फॅरो बार काढायला निघाला आणि चेस्टरला देव आठवला. समोरची बंद बेकरी चेस्टरचीच होती.

"तुम्ही पाद्री ना? चर्च कुठाय तुमचं?" त्याने ओटिसला विचारलं.

"सध्या टोपीखाली."

"मग टोपी बेकरीत ठेवा. पाटी तेवढी मोठी लावा."

डॉनी नगरसभेत ओरडला, की हे सगळं नाटक आहे. त्यावर चेस्टरने डोळे पुसत बेकरी चर्चला दानच करून टाकली. डॉनीचा अर्ज फेटाळला गेला.

त्याच रविवारी, ऐन भजनात, डॉनीची माणसं लोखंडी पाइप घेऊन शिरली. बाकं फोडली, ऑर्गनवरच्या म्हातारीचे दात पाडले, ओटिसचं नाक मोडलं. बर्नाडीन रस्त्यापलीकडून धावत आली. भिंतीवर भट्टीतले पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं अजून लटकत होतं. त्या फावड्याने तिने एकाचा जबडा फोडला, दुसऱ्याचा गुडघा. तिसरा खिडकीतून आपणहून गेला. खिडकी बंद होती. चौथ्याचं डोकं ती दाराच्या चौकटीवर आपटत होती.

"भगिनी बर्नाडीन," ओटिस रक्ताळलेल्या रुमालातून म्हणाला, "सोड त्याला, तो प्रार्थना करतोय."

"शिव्या देतोय, पाद्रीबाबा."

"सुरुवात तशीच होते. आत ये, जेवायला बस."

दारावर उभं राहणाऱ्याला 'आत ये' म्हणायची कुणाला सवय नसते. बर्नाडीन बाकाच्या कडेला अवघडून बसली आणि तळलेली कोंबडी हाडांसकट संपवली. पुढच्या रविवारी ती बोलावण्याआधीच आली.

मग डॉनीने भरदुपारी खडीचा ट्रक रेड हेनमध्ये घातला. तीन भिंती पडल्या. स्वयंपाकी कढईसकट चिरडला गेला. बर्नाडीनने त्याला तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढलं. ट्रकवाला तुरुंगात गेला. पाहणीला आलेला नगरसभेचा माणूस विटांवर उभा राहून म्हणाला, "निम्म्याहून जास्त. नवा अर्ज करा. पण समोर चर्च आहे."

चेस्टर त्या भल्यामोठ्या पाटीकडे बघतच राहिला.

"बाबा, निघा आता," त्याने ओटिसला सांगितलं.

"देवाला तुम्ही बोलावलंत, मालेकसाहेब. हाकलायचं मला येत नाही."

दुसऱ्या सकाळी चेस्टर पहार आणि पेट्रोलचा डबा घेऊन आला. दारात बर्नाडीन होती.

"बाजूला हो, बर्नी. बार उभा राहिला की तुझंच दार आहे."

"आज हे माझं दार आहे."

"इथे पगार कोण देतो गं तुला?"

"कोणी नाही. कोंबडी चांगली असते."

चेस्टरने पहार घातली. तिचा कान फाटून मानेवर लोंबला. तिने एका हाताने कान धरला, दुसऱ्याने चेस्टर. या वेळी खालून बस वगैरे काही गेली नाही. तो फुटपाथच्या कडेवर आपटला आणि त्याच्या खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज आत ऑर्गनपर्यंत ऐकू आला.

चेस्टर पुढे कुबडीवर राहिला. बर्नाडीनला आठ महिन्यांची शिक्षा झाली. ती सुटून आली तोवर ओटिस आणि त्याच्या चर्चची मंडळी बेकरी विकून उपनगरात गेली होती. तिकडे गाड्या लावायला जागा होती. बेकरीत आता टायरचं दुकान आहे.