साईड लाईट

फील्डमधून, म्हणजे सरहद्दीवरून, आल्यावर माझी पोस्टिंग मुंबईच्या उपनगरात झाली, बोरिवलीच्या पुढे डोंगराच्या कडेला. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी फौजेत हवालदार, ट्रेड व्हेइकल इलेक्ट्रिशियन, गाव कराडकडचं. पहाटे पी.टी., आठला एम.टी. पार्कमध्ये, म्हणजे गाड्यांच्या तळावर, हजेरी, मग दिवसभर गाड्यांच्या वायरी. पीस पोस्टिंग म्हणजे माहेरपण, असं सगळे म्हणायचे. मलाही तसंच वाटलं होतं.

आमच्याकडे अँब्युलन्स एकच, आणि तिने आमचा जीव खाल्ला होता. संध्याकाळी एका सेल्फमध्ये स्टार्ट. सकाळी किल्ली फिरवली की नुसतं 'टक'. बॅटरी डाऊन. बरं, रोज नाही, आठवड्यातून एखादे वेळी. रोज मेली असती तर दोन दिवसांत चोर धरला असता. कधीमधी येणारा बिघाड जावयासारखा असतो, वाट बघत बसलं की हमखास येत नाही.

तिचा ड्रायव्हर लान्स नाईक दशरथ सावंत. मूळचा मालवणचा, वाढलेला जोगेश्वरीच्या चाळीत. बोलायला फटकळ, घाबरला की थेट मालवणीवर यायचा. गाडीला मात्र पोटच्या पोरीसारखं जपायचा. बॅटरी मेली की सगळे त्याच्यावर तुटून पडायचे, "काय रे, परत साईड लाईट चालू ठेवून झोपलास?" तो शपथा घ्यायचा. पण रोज शपथा घ्यायची वेळ आली की माणसाचा स्वतःवरचाच भरवसा उडतो.

मी बॅटरी तपासली. ॲसिड ठीक, टर्मिनल घट्ट. एकदा बाहेर काढून रात्रभर बाकावर ठेवली, तर सकाळी ठणठणीत. म्हणजे बॅटरी निर्दोष. गाडीत काहीतरी रात्री करंट पीत होतं. काय पीत होतं ते सापडेना.

त्या सकाळी बाकीच्या गाड्या फायरिंग रेंजवर गेल्या होत्या. लंगरमध्ये आमचा कुक, नाईक शेलार, पुऱ्या तळता तळता छाती धरून खाली बसला. घामाने निथळत होता. मी ओरडलो, "सावंत, गाडी!"

तो धावला. किल्ली फिरवली. टक.

फोनवर सुभेदारसाहेब होते. "अँब्युलन्स निघाली?"

"नाही साहेब. बॅटरी डाऊन."

"धक्का मारा."

"मारतोय साहेब."

गाडी खोलगट जागेत उभी, खाली चिखल. सहा जण ढकलत होतो, बूट घसरत होते. शेलार आत स्ट्रेचरवर. तशातही म्हणाला, "सावंता, कढई उतरवायला सांग रे कुणाला तरी. तेल पेटेल." वीसेक मिनिटांनी इंजिन लागलं. सावंतने गाडी अशी हाणली की मागे बसून माझं डोकं दोनदा टपाला आपटलं. हॉस्पिटलच्या दारात पोचण्याआधी शेलार गेला. डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आणलं असतं तर..."

सावंत स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. मला म्हणाला, "उस्ताद, लायट माझ्याकडसून चालू रवली आसतली."

"बघितलीस? स्विच ऑन होता?"

"आठवत नाय ओ. घाईत काय बघितलंच नाय."

ओ.सीं.च्या, म्हणजे कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या, पुढे उभा केला तेव्हाही त्याने तेच सांगितलं. गुन्हा कबूल. क्वार्टर गार्डच्या कोठडीत गेला. तिथल्या पहारेकऱ्याने सांगितलं, जेवत नाही.

मला चैन पडेना. गाडी माझ्याकडेच होती. संध्याकाळी चालवून आणून उभी करायची, स्विच स्वतः बघायचे, सकाळी बॅटरी बघायची, असं सुरू केलं. तिसऱ्या पहाटे बॉनेट उघडून उगीच हात फिरवला. इंजिन गार. रेडिएटर गार. डायनॅमो कोमट.

अरे देवा! रात्रभर उभ्या गाडीचा डायनॅमो कोमट कसा? बॅटरीची वायर काढून मध्ये टेस्ट लॅम्प धरला. लॅम्प पेटला. एकेक फ्यूज काढला, तरी पेटलेलाच. डायनॅमोची वायर ओढली आणि लॅम्प विझला. कट-आउटचे पॉइंट चिकटले होते. तुमच्या बिल्डिंगमध्ये पंपाने टाकी भरतात ना, पंप बंद झाल्यावर व्हॉल्व्ह मिटला नाही तर चढवलेलं पाणी परत खाली उतरतं. डायनॅमो म्हणजे बॅटरी भरणारा पंप आणि कट-आउट म्हणजे तोच व्हॉल्व्ह. तो कधी मिटायचा, कधी नाही. बॅटरी रात्रभर डायनॅमोत उतरायची. साईड लाईटचा काही संबंध नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी!

आणि मग मी गाढवपणा केला. वीस वर्षं हाताला एकच वळण, बिघाड दिसला की दुरुस्त करायचा. हातात स्क्रू-ड्रायव्हर होताच. पॉइंट सोडवले, कानशीने घासले, गॅप बसवली. गाडी झकास झाली. मग धावत क्वार्टर गार्डला गेलो.

सावंतने सगळं ऐकून घेतलं. मग बारीक हसला. "उस्ताद, मागच्या वर्षी त्या पाण्याच्या टँकरच्या ड्रायव्हरला पण तुम्ही असंच वाचवलंत ना? ब्रेक पाइप फुटला म्हणून."

त्याने टँकर ठोकला तेव्हा पाइप फुटला नव्हता, मीच नंतर कापला होता. पोरगं नवं होतं, त्याची नोकरी गेली असती. आख्ख्या कंपनीला ते माहीत होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

"या वेळी खरं सांगतोय रे! तुझ्या गळ्याची शपथ."

"मग दाखवा."

सुभेदारसाहेबांची परवानगी काढून सावंतला आणि साहेबांनाही एम.टी. पार्कमध्ये नेलं. रात्री गाडी उभी करून सकाळी पाहिली. डायनॅमो गार, बॅटरी फुल्ल. ओळीने चार दिवस तेच. माझ्याच कानशीने माझा पुरावा खाल्ला होता. साहेब म्हणाले, "पुरे आता. पोरांवर तुझी माया आहे, माहीत आहे मला. पण माणूस मेलाय." लांडगा आला रे आला म्हणणाऱ्याची गत काय होते, ते शाळेत शिकलो होतो.

शिक्षा संपली तशी सावंतने फील्ड पोस्टिंग मागून घेतली. उत्तरेत, वर बर्फात, अँब्युलन्सवरच. निघताना माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला धरून उभा केला आणि परत एकदा सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलता, यातच सगळं आलं, उस्ताद." मला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

पुढच्या हिवाळ्यात बातमी आली. एका आजारी जवानाला खाली आणताना रस्ता खचला. वायरलेसवरचे त्याचे शेवटचे शब्द मला नंतर कुणीतरी सांगितले. "पेशंट ठीक है. रुकूंगा नहीं." थांब, असा हुकूम त्याला दोनदा मिळाला होता.

जोगेश्वरीला त्याच्या घरी मी गेलो. वडील गिरणीतून घरी बसलेले, ते भिंतीकडे बघत होते. आई माझ्या समोर बसली. तिला शेलारचं सगळं माहीत होतं, सावंतने सुट्टीत येऊन सांगितलं होतं.

"साहेबानू, खरां सांगा. तो माणूस माझ्या झिलाच्या हातान गेलो काय?"

"नाही, आई. यंत्राचा दोष होता. मी डोळ्यांनी बघितला."

तिने लगेच मान हलवली. एका शब्दाने शंका काढली नाही. मग म्हणाली, "मगे त्येका सांगलास कित्याक नाय?"

मी तिला काय सांगणार? सांगितलं होतं, पण माझ्या तोंडाला किंमत उरली नव्हती, असं सांगणार? तिने चहा ठेवला, तो प्यायलो.

आता मी पेन्शनीत आहे, मुलुंडला राहतो. कुणाच्या फियाटची बॅटरी रात्रीत उतरली की शेजारी मला बोलावतात. मी जातो. बिघाड सापडला की हात मागे घेतो, मालकाला आणि त्याच्या ड्रायव्हरला दोघांनाही बोलावतो, डोळ्यांनी बघायला लावतो. लोक हसतात, म्हणतात हवालदार फार वेळ खातो. खाऊ दे.

नाईक कुक शेलार. ड्यूटीवर असताना गेला.

लान्स नाईक ड्रायव्हर दशरथ सावंत. पेशंट घेऊन येताना गेला. शेलार गेला त्याच्या आदल्या रात्री सावंतच्या गाडीची साईड लाईट बंद होती.