नजाहच्या स्वयंपाकघरातली वाट

नजाह आमच्या समोरच्या उतारावर राहते, सल्ट गावातल्या जुन्या बाजाराच्या वरच्या अंगाला. तळमजला तिचा, मधला तिच्या दिराचा, वासिफचा, आणि वरचा कुवेतला असलेल्या धाकट्या दिराचा. तिघा भावांनी एकावर एक मजले चढवले, पण कागदावर सगळं एकत्रच राहिलं. नवरा, गालिब, गेल्यावर नजाहने चौदा वर्षं शाळेत भूगोल शिकवला, दोन मुली उजवल्या. घर मात्र तिच्या एकटीच्या नावावर कधी नव्हतं. उद्या कुणी आपला हिस्सा मोकळा करून मागितला, तर अख्खं घर विक्रीला निघालं असतं. म्हणून तिनेच दिरांच्या मागे लागून मजल्यांची वेगवेगळी नोंदणी करायला घेतली.

मोजणीला मुन्झिर नावाचा माणूस आला. फाटक, जिना, गच्ची सामाईक म्हणून भराभर नकाशात बसले. मग त्याने विचारलं, "पावसाच्या पाण्याचा हौद कुठंय?"

नजाह द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत होती. तिने मानेनेच फ्रिजकडे खूण केली. गालिबने आधी हौद खणला आणि मागाहून स्वयंपाकघर त्याच्या तोंडावरच वाढवलं. लोखंडी झाकण फ्रिजच्या पुढ्यात, जिन्याच्या भिंतीला लागून.

"हौद तिघांचा?"

"तिघांचा. उन्हाळ्यात नळाच्या भरवशावर कोण बसतंय?"

"मग तुमच्या दारापासून झाकणापर्यंतची वाटही तिघांची दाखवावी लागेल, काकू. हौद साफ करायला माणूस जाणार कुठून?"

त्याने फीत लावली. नव्वद सेंटिमीटरचा पट्टा ओट्याला खेटून गेला.

वासिफची बायको रुवैदा दारातच उभी होती. "बरं झालं. तुझी भांडी बघायचा हक्कच मिळाला मला."

"हक्क नसताना बघतेसच की," नजाह म्हणाली.

तिच्या मागून वासिफ म्हणाला, "वहिनी, लिहू दे त्याला काय लिहायचं ते. मी काय तुमच्या स्वयंपाकघरात शिरणार आहे?"

"तुम्ही नाही शिरणार, भाऊजी. तुमच्या मुलांनी मजला विकला, तर घेणारा शिरेल."

"मग हौद दाखवूच नका नकाशात," रुवैदा म्हणाली. "मिटला प्रश्न."

"नाही दाखवला, तर तो तळमजल्याचा होतो," मुन्झिर म्हणाला.

रुवैदाने नवऱ्याकडे पाहिलं. नजाह नुसती गप्प राहिली असती, तर हौद तिचा झाला असता. तिने हातातलं पान गुंडाळून पातेल्यात रचलं.

"खणताना दगड भाऊजींनीही वाहिलेत," ती म्हणाली. "तिघांचाच लिहा. पण वाट माझ्या दारातून नको. झाकणाचा कोपरा भिंत घालून तोडते, दार जिन्यातून काढा."

"जागा कायमची जाईल, काकू."

"जाऊ दे. उरेल ती माझी असेल ना?"

गवंड्याचं काम तीन आठवडे चाललं. फ्रिज बैठकीच्या खोलीत गेला. स्वयंपाकघरात आता दोघी एका वेळी वळू शकत नाहीत. मुन्झिरने पुन्हा मोजून नकाशा दिला. तळमजला पाच चौरस मीटरने कमी भरला. धाकट्याची संमती कुवेतहून आली आणि रमजानच्या आधी तिचा कागद झाला, तिच्या एकटीच्या नावाचा.

परवा मी तिच्याकडे बसले होते, तेव्हा रुवैदा वाटी घेऊन झातरचा मसाला मागायला आली. एरवी सरळ आत येऊन डबे उघडणारी बाई, दार वाजवून बाहेरच थांबली. नजाहने तिला जरा वेळ तशीच उभी ठेवली, मग म्हणाली, "ये की आत."