ओढ्यापलीकडचं खळं

संस्थाने विलीन होण्याआधी मी खोडाळ्याच्या बाजूला एका गावात शाळामास्तर होतो. गावाखालच्या ओढ्याच्या अलीकडे ठाणे जिल्हा, पलीकडे जव्हार संस्थान. इकडे कुणावर गुन्हा दाखल झाला की तो ओढा ओलांडून नातेवाइकांकडे राही. पोलीस अलीकडच्या दगडावर बसून त्याला हाका मारत, तो तिकडून उत्तरे देई. संस्थानाची परवानगी आल्याशिवाय बंदूकवाल्याने पाण्यात पाय घालायचा नाही, हे गुराख्यांनाही ठाऊक होते.

वनरक्षकाला मारहाण केल्याचा आरोप असलेला एक शेतकरी असाच महिनाभर पलीकडे, मेहुण्याच्या खळ्यावर नागली झोडत होता. एका सकाळी जमादार दोन बंदूकवाले शिपाई घेऊन निघाला. ओळख पटवायला मला बरोबर घेतले. आम्हाला पाहून शेतकरी हसला.

"या की इकडं, जमादार. पाणी गुडघाभरच हाय. मास्तरांना पण आणा, नागली पाखडाय."

शिपाई हसले. जमादार हसला नाही. तिघेही पाण्यात उतरले आणि त्याला धरून अलीकडे घेऊन आले. मी दगडावर उभा होतो.

खटल्यात त्याच्या वकिलाचा मुद्दा एकच होता. दुसऱ्या राज्याच्या हद्दीत परवानगीवाचून हत्यारे घेऊन शिरणे बेकायदा, म्हणून ही अटकही बेकायदा, माणसाला सोडा. पोलीस म्हणत होते, तो अलीकडेच सापडला. तिऱ्हाईत साक्षीदार मी एकटाच. वकिलाने मला विचारले, "पोलिसांचे पाय ओले होते का?"

"नव्हते," मी म्हणालो.

मला कुणी धमकावले नव्हते. जमादार आमच्याकडे जेवायला येई आणि पोलिसांना खोटे पाडायची मला भीती वाटली, एवढेच. शेतकऱ्याला शिक्षा झाली. तो तुरुंगात असताना संस्थान विलीन झाले, दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात आले. आता हद्दच उरली नाही, असे मी स्वतःला सांगत असे. पण त्या सकाळी ती होती.

पहिल्या निवडणुकीच्या मतदारयादीचे काम मास्तरांकडे आले. मी ओढा उतरून त्याच खळ्यावर गेलो. तो सुटून आता तिथेच राहत होता. त्याने माझ्या पायांकडे पाहिले.

"पाय ओले झाले, मास्तर. बसा, वाळू द्या."

मी बसलो. सांगायचे ते तेव्हाच सांगायला हवे होते. मी यादी उघडली आणि घरातल्या माणसांची वये विचारली.