पावसाळ्यात मोहाचा वास

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही... सरकारी दवाखान्यात ब्रदर म्हणून उभी हयात गेली, मेलेली माणसं पुष्कळ पाहिली. एकही परत आलं नाही.

चिचगडच्या बाजूचा छोटा दवाखाना. एप्रिल, सकाळचे साडेदहा. सगुणाबाईने नवऱ्याला, रामलालला, ऑटोतून आणलं. सायकलवरून पडलेला, कानाच्या वर टेंगूळ, बरळत होता. अंगाला मोहाचा भपकारा, त्याच फुलांची इकडे दारू गाळतात. पहाटेपासूनच सुरू वाटतं, मी म्हणालो.

"पेत नाही जी ते. फुलं वेचून येऊन रायले होते, पोतं फुटलं अंगावर."

मोहाच्या दिवसांत प्रत्येक बाई हेच सांगते. मी केसपेपरवर 'मद्यप्राशन' लिहिलं आणि त्याला कुशीवर झोपवलं. डोक्याला मार असला की दर पंधरा मिनिटांनी हाक मारायची, श्वास बघायचा, टॉर्चने दोन्ही बाहुल्या तपासायच्या, एक मोठी झाली म्हणजे डोक्यात रक्तस्राव — सगळं पाठ होतं. चार्टवर मी ओळीने 'बाहुल्या सारख्या' लिहीत गेलो. टॉर्च एकदाही लावला नाही. घोरतोय म्हणजे झोपलाय, असं धरून चाललो. दुपारी एकला श्वास थांबला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, भर दुपारी, गाडीवरून पडलेले एक मास्तर त्याच खाटेवर होते. चांगले बोलत होते, घरी सोडा म्हणून भांडत होते. एकाएकी मोहाचा वास आला — ताज्या फुलांचा, गोड, डोकं जड करणारा. दारूचा नव्हे; रामलालच्या अंगाला होता तोच. ऑगस्टात मोह कुठला? सिस्टरला विचारलं.

"मले तर फिनाईलचाच येऊन रायला, भाऊ."

मी टॉर्च लावला. डावी बाहुली मोठी. लगेच गोंदियाला पाठवलं... वाचले.

निवृत्तीपर्यंत असं आणखी तीनदा झालं. तिघेही वाचले. डॉक्टर म्हणाले, मनाचे खेळ. असतील. पण हसत-बोलत असलेल्या माणसाजवळ तो वास मी टॉर्च लावण्याआधीच यायचा.

निवृत्त झाल्यावर सगुणाबाईकडे गेलो. तिने ओळखलं, पाणी दिलं.

"लोक अजून मले दारुड्याची बायको म्हनतेत. त्या कागदावरचं खोडता येते का जी?"

पाहतो, म्हणालो आणि निघालो. कोणी लिहिलं, ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेल्याचं कळलं. तिच्या अंगणात बोलायचं होतं ते एवढंच — बाई, तुमचा माणूस प्यायलेला नव्हता. मीच त्याचे डोळे उघडून पाहिले नाहीत.